सरखेल कान्होजी आंग्रे

गेल्या पावसाळ्यांत आठव्या इयत्तेंतील एका विद्यार्थ्याची चित्रकलेची वही आमच्या हातीं आली. तींत त्यानें एक प्रचंड लढाऊ जहाज काढलें होतें आणि आकाशांतून त्या जहाजावर नाकाच्या दिशेनें कोसळणारें एक चिमुकलें विमान. विमानाच्या पोटाखालीं बाँब, जहाजाच्या पाठीवर धूर, खालीं निळ्याशार लाटा. या मुलानें समुद्र जन्मांत पाहिलेला नाहीं. अमरावतीचा वडाळी तलाव आणि आजोळीं अकोल्यास गेलें म्हणजे दिसणारी मोर्णा नदी, एवढाच त्याचा पाण्याशीं परिचय. तरी चित्र चांगलें साधलें होतें. आम्हीं त्याला विचारलें कीं, जहाजावर इतक्या तोफा आहेत, मग हें एवढेंसें विमान त्या पाडीत कां नाहींत? तो गोंधळला. विमान फार वेगानें येतें, इतकेंच उत्तर त्याला सुचलें. तें अर्धें बरोबर होतें. उरलेलें अर्धें आम्हांला आपल्याच मराठी मुलखांतील एका पुरुषाच्या चरित्रांत सांपडलें, आणि म्हणून यंदाच्या अंकांत तें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम त्या विमानासंबंधीं थोडें सांगितलें पाहिजे. उंचावरून आडवें उडत जाणाऱ्या विमानानें चालत्या जहाजावर बाँब टाकला तर तो बहुधा फुकट जातो. १०,००० फुटांवरून सोडलेला बाँब पाण्यापर्यंत येण्यास सुमारें २५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत पूर्ण वेगानें धांवणारें लढाऊ जहाज ३००-४०० मीटर पुढें जाऊन आपली दिशाही बदलतें. पाण्यालगत येऊन टॉर्पेडो सोडणाऱ्या विमानास जहाजाच्या तोफा व पहाऱ्याचीं विमानें समोरूनच गांठतात. यावर तोड म्हणून सूर मारून बाँब टाकणारें विमान निघालें. तें उंच आकाशांत जहाजाच्या डोक्यावर येतें, नाक खालीं करून जवळजवळ उभें खालीं येतें, दीड-दोन हजार फुटांवर बाँब सोडतें आणि पुनः वर उसळतें. बंदुकीनें नेम धरावा तसा येथें सबंध विमानाचाच नेम धरलेला असतो. जहाजाच्या मोठ्या तोफा क्षितिजाकडे तोंड करून बसविलेल्या असतात. अगदीं माथ्यावरून येणारा शत्रु त्यांच्या टप्प्यांत सांपडत नाहीं, आणि लहान तोफांनाही तेथें नेम धरणें फार अवघड जातें.

या युक्तीचा प्रताप हिंदी महासागरानें दुसऱ्या महायुद्धांत पाहिला. एप्रिल १९४२ मध्यें जपानचा विमानवाहू ताफा लंकेपर्यंत चालून आला. ता. ६ रोजीं विशाखापट्टण व काकिनाडा येथें बाँब पडले, आणि ता. ९ रोजीं बट्टिकलोआ गांवासमोर हर्मिस हें ब्रिटिशांचें विमानवाहू जहाज सूर मारणाऱ्या जपानी विमानांनीं बुडविलें. तीनशेंहून अधिक माणसें त्यांत दगावलीं. विमानें वाहण्यासाठीं बांधलेल्या त्या जहाजावर त्या दिवशीं एकही विमान नव्हतें. पुढें दोन महिने होण्यापूर्वींच, ४ जून १९४२ रोजीं, पॅसिफिक महासागरांत मिडवे बेटाजवळ अमेरिकन विमानांनीं हीच विद्या जपान्यांवर उलटविली, आणि पांच-सहा मिनिटांच्या अवधींत तीन विमानवाहू जहाजें पेटविलीं. चौथें त्याच दिवशीं पुढें पेटलें. या चार जहाजांपैकीं अकागी, सोर्यू व हिर्यू हीं तीन लंकेवर आलेल्या ताफ्यांतलीं होतीं.

शत्रूची तोफ ज्या बाजूला वळूं शकत नाहीं ती बाजू शोधून काढावयाची, चपळ व स्वस्त साधनानें त्या बाजूनें शिरावयाचें, घाव घालावयाचा व आपल्या आश्रयस्थानीं परतावयाचें, हें या लढाईचें मर्म. आकाश ज्याला उपलब्ध नव्हतें अशा एका मराठ्यानें हेंच मर्म सव्वादोनशें वर्षें आधीं कोंकणच्या पाण्यांत ओळखलें होतें.

कान्होजीचा जन्म सन १६६९ च्या सुमारास झाला. घराण्याचें मूळ उपनांव संकपाळ. आंगरवाडी या गांवावरून त्यांस आंग्रे म्हणूं लागले. बाप तुकोजी हा शिवाजी महाराजांच्या आरमारांत चाकरीस होता. हर्णैच्या समोर समुद्रांत उभा असलेला सुवर्णदुर्ग हेंच कान्होजीचें अंगण. आमच्याकडील मूल जसें कापसाच्या गंजीवर खेळत वाढतें, तसें हें मूल दोरखंड, शिडें आणि खारा वारा यांच्या संगतींत वाढलें. नागाने त्याच्यावर फणा धरल्याची एक आख्यायिका सांगतात. अशी गोष्ट अनेक थोरांच्या बालपणाविषयीं सांगितली जाते, म्हणून तिच्यावर आम्ही भर देत नाहीं.

त्याचें नांव प्रथम पुढें आलें तें सुवर्णदुर्गाच्या वेढ्यांत. सन १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला व राजाराम महाराज दूर जिंजीस गेले. मराठी राज्याचें पुढें काय होतें हें कोणासच सांगतां येत नव्हतें. त्या धामधुमीच्या काळांत जंजिऱ्याच्या सिद्दीनें सुवर्णदुर्गास वेढा घातला, आणि किल्लेदारानें आंतून फितुरी करून किल्ला देण्याचा घाट घातला. तरुण कान्होजीनें कांहीं साथीदार जमवून किल्लेदारास कैद केलें व किल्ला स्वतःच्या हिमतीवर लढविला. तो बाहेर पडून सिद्दीवर तुटून पडला, त्यांत पकडला गेला, कैदेंतून निसटला आणि पुनः किल्ल्यांत येऊन लढूं लागला, असें सांगतात. वेढा उठला व किल्लेदारी त्याच्याकडे आली. पुढें आरमाराचा प्रमुख सिधोजी गुजर मरण पावल्यावर, सन १६९८ च्या सुमारास, त्यास सरखेल हा किताब मिळून सर्व आरमार त्याच्या हातीं आलें. तेव्हां त्याचें वय तिशीच्या आंत-बाहेर होतें.

आरमार म्हटलें कीं आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें पोलादी जहाजें येतात. कान्होजीचें आरमार लांकडाचें व त्यांतही लहान चणीचें होतें. गुराब म्हणजे दोन, क्वचित् तीन डोलकाठ्यांचें दीडशें ते तीनशें टन वजनाचें जहाज. तिची नाळ पुढें लांब निमुळती गेलेली असे व तेथें दोन जड तोफा सरळ पुढें मारा करतील अशा बसविलेल्या असत. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचें. त्याला शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्हीं असत. युरोपांतून येणारें व्यापारी जहाज यांच्यापुढें वाड्यासारखें दिसे. त्याच्या दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा असत, आणि ज्या गुराबेवर ती रांग एकदम सुटेल ती गुराब तेथेंच फुटावयाची.

आतां युक्ति पाहा. कुशीच्या तोफा कुशीकडेच मारतात. जहाजाच्या मागच्या बाजूस तोफा अगदीं थोड्या. मोठें जहाज केवळ शिडांवर चालतें, म्हणून वारा पडला कीं तें जागच्या जागीं खिळून राहतें व त्याला तोंड फिरवितां येत नाहीं. गलबताला वल्हीं असल्यामुळें वाऱ्याची पर्वा नाहीं. यासाठीं कान्होजीचे लोक किल्ल्यांवरून व खाड्यांच्या तोंडांतून टेहळणी करीत, वारा पडण्याची वाट पाहत, आणि मग आठ-दहा गुराबा व चाळीस-पन्नास गलबतें एकदम बाहेर काढीत. गलबतें गुराबांना दोरानें ओढीत नेत. सर्व ताफा सावजाच्या पाठीमागून, जेथें त्याची तोफ पोहोंचत नाहीं त्या बाजूनें जवळ येई. गुराबांच्या नाळेवरील तोफा प्रथम शिडें व डोलकाठ्या यांवर धरीत. डोलकाठी पडली कीं जहाज पांगळें झालें. मग दोन-दोनशें माणसांनीं भरलेलीं गलबतें चहूं बाजूंनीं भिडत, व कोळी, भंडारी, मुसलमान असे सर्व जातींचे दर्यावर्दी तलवार घेऊन एकदम वर चढत. आकाशांतून सूर मारणारें विमान आणि पाठीमागून वल्हवत येणारें गलबत यांत साधनांचें अंतर फार मोठें आहे, पण विचार एकच आहे.

साम्य येथेंच संपत नाहीं. विमान फार दूर जाऊं शकत नाहीं, त्याला परत उतरावयास विमानवाहू जहाजाचें पृष्ठ जवळ लागतें. गलबतालाही तसेंच. त्यांत महिन्याचें धान्य-पाणी मावत नाहीं. म्हणून कान्होजीनें किनाऱ्यावर किल्ल्यांची माळ हातीं ठेविली होती. उत्तरेस मुंबईच्या तोंडाशीं खांदेरी, मग अलिबागेचा कुलाबा, पुढें सुवर्णदुर्ग, आणि दक्षिणेस वाघोटन खाडीच्या मुखावरील विजयदुर्ग. यांतील कुलाबा हें त्याचें मुख्य ठाणें. ओहोटीच्या वेळीं चालत जातां येईल व भरतीच्या वेळीं चोहों बाजूंनीं पाण्यानें वेढला जाईल असा हा किल्ला शिवाजी महाराजांनीं आपल्या अखेरच्या काळांत बांधावयास घेतला होता.

येथें मधेंच एक घरगुती गोष्ट सांगावीशी वाटते. त्या काळीं आमच्या वऱ्हाडाचाही एक कान्होजी होता. तो परसोजी भोसल्यांचा मुलगा, सेनासाहेबसुभा कान्होजी भोसले. त्याचें ठाणें यवतमाळकडील भाम येथें होतें. सन १७०७ मध्यें औरंगजेब मेल्यावर शाहू महाराज मोंगलांच्या छावणींतून सुटून दक्षिणेस आले, तेव्हां त्यांस प्रथम येऊन मिळणाऱ्या सरदारांत हे वऱ्हाडचे परसोजी भोसले होते. कोंकणचा कान्होजी मात्र ताराबाईंच्या पक्षास चिकटून राहिला. राज्याचे दोन तुकडे झाले व प्रत्येक सरदारास एक तुकडा निवडावा लागला.

सन १७१३ मध्यें शाहूनें आपला पेशवा बहिरोपंत पिंगळे यास कान्होजीवर पाठविलें. कान्होजीनें पेशव्यासच कैद केलें, लोहगड घेतला, आणि आतां तो साताऱ्यावर चालून येणार अशी आवई उठली. अशा वेळीं शाहूनें पेशवाईचीं वस्त्रें बाळाजी विश्वनाथास दिलीं व त्याची रवानगी केली. बाळाजी मूळचा श्रीवर्धनचा, सिद्दीच्या जाचानें कोंकण सोडून घाटावर आलेला, व कान्होजीच्या ओळखीचा. त्यानें तलवार न काढतां बोलण्यानें काम केलें. सन १७१४ च्या तहानें कान्होजीनें शाहूस छत्रपति मानलें, पिंगळे यास सोडलें, आणि त्याबद्दल सरखेली व लहान-मोठे सव्वीस किल्ले व ठाणीं त्याच्याकडे कायम झालीं. आमच्या मतें कान्होजीच्या आयुष्यांतील सर्वांत शहाणपणाचा दिवस तो हाच. जिंकलेल्या माणसानें तह करावा हें सोपें नाहीं. त्याचें फळ त्यास सात वर्षांनीं मिळालें, तें पुढें येईलच.

आतां एका वादाच्या प्रश्नाकडे वळतों. आम्ही विद्यार्थी असतांना जीं इंग्रजी पुस्तकें वाचलीं त्यांत कान्होजीस सरसकट चांचा म्हटलेलें होतें, आणि परीक्षेंत आम्हींही तसेंच लिहून गुण मिळविले. पुढें वाचन वाढलें तसा तो शब्द टोचूं लागला. समुद्रावरून जाणाऱ्या जहाजानें त्या पाण्याच्या धन्याचा परवाना घ्यावा ही चाल कान्होजीनें काढलेली नाहीं. पोर्तुगीज लोक सोळाव्या शतकापासून आपला कार्ताझ नांवाचा परवाना न घेणारीं जहाजें पकडीत आले होते. कान्होजी छत्रपतींचा नेमलेला सरखेल होता. त्याच्या दस्तकाशिवाय जाणाऱ्या जहाजास तो अडवी, जसा जकातीच्या नाक्यावर गाडीवान अडविला जाई. इंग्रज कंपनी दस्तक घेण्यास तयार नव्हती. उलट हिंदी व्यापाऱ्यांचा माल कंपनीच्या निशाणाखालीं नेऊन ती तोही कराबाहेर ठेवूं पाही. तंटा मुळांत जकातीचा होता. हें सर्व लक्षांत घेतां चांचा हा शब्द आम्हांस अन्यायाचा वाटतो.

परंतु न्याय दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. सन १७१२ च्या अखेरीस कारवारहून मुंबईस येणारें ऐन नांवाचें इंग्रजांचें लहान जहाज कान्होजीच्या ताफ्यानें धरलें. त्यावर चाऊन नांवाचा कंपनीचा अधिकारी व त्याची अगदीं तरुण पत्नी कॅथरीन होती. नवरा लढाईंत ठार झाला. ती बाई कैदेंत पडली व पुढील वर्षीं ३०,००० रुपये दंड भरल्यावर सुटली. त्या काळीं खंडणी घेऊन कैदी सोडणें हा सर्वच राष्ट्रांचा रिवाज होता, असें म्हणून ही गोष्ट झटकून टाकतां येईल. आम्ही ती झटकीत नाहीं. शत्रूच्या स्त्रियांस सन्मानानें परत पाठविण्याचा जो कित्ता शिवाजी महाराजांनीं घालून दिला होता, तो त्यांच्याच आरमाराच्या सरखेलानें येथें गिरविला नाहीं. ज्या मुलांस कान्होजीचा अभिमान वाटतो त्यांनीं हीही गोष्ट माहीत करून घ्यावी.

सन १७१५ च्या अखेरीस चार्लस बून हा मुंबईचा गव्हर्नर होऊन आला, आणि खऱ्या झगड्यास तोंड लागलें. बून हा खटपटी, निश्चयी मनुष्य. त्यानें मुंबईस तट बांधविला, नवीं लढाऊ जहाजें बांधविलीं व कान्होजीचें बळ मोडण्याचा विडाच उचलला. सन १७१७ मध्यें विजयदुर्गावर हल्ला झाला, तो फसला. १७१८ मध्यें खांदेरीवर झाला, तोही फसला. बूननें मग फ्राम नांवाचा एक तरंगता तोफखाना तयार करविला. उथळ पाण्यांतून तटाजवळ जाऊन जंगी तोफांनीं तो फोडावा ही कल्पना. सन १७२० मध्यें हा तोफखाना विजयदुर्गापुढें नेला, पण त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. (त्याच वर्षीं पावसाळ्यांत, समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या अकोल्याजवळ बाळापूरच्या रानांत निजामुल्मुल्क आणि आलमअलीखान यांचें मोठें युद्ध झालें. आलमअलीखानाच्या बाजूनें मराठे लढले व तो पडला. एकाच राज्याचे लोक त्या एका वर्षांत काळ्या मातींत व खाऱ्या पाण्यांत लढत होते, ही गोष्ट नकाशा पुढें घेतल्याशिवाय ध्यानांत येत नाहीं.)

तेव्हां इंग्लंडच्या राजाकडे मागणी गेली, आणि कमोडोर थॉमस मॅथ्यूज हा चार राजजहाजें घेऊन सन १७२१ मध्यें मुंबईस आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं करार झाला. पोर्तुगीज व्हाइसरॉय जातीनें आला. उभयतांची मिळून सुमारें सहा हजार फौज डिसेंबर १७२१ मध्यें कुलाब्यावर चालून गेली. समुद्रांतून जहाजें आणि जमिनीवरून फौज, असा दुहेरी फांस होता. कान्होजीचें सारें तंत्र मोठ्या जहाजांस खुल्या पाण्यांत पाठीमागून गांठण्याचें. येथें तर शत्रु त्याच्या घराच्या दारांत आला होता, आणि दाराकडे जमिनीची वाट होती. गलबतांनीं ही लढाई जिंकतां येणार नव्हती.

येथें १७१४ चा तह कामास आला. कान्होजीनें साताऱ्यास मदत मागितली व शाहूनें ती पाठविली. पिलाजी जाधव घोडदळ घेऊन घाट उतरला. पेशवाईवर नुकताच आलेला तरुण बाजीरावही या प्रसंगीं उतरला. इंग्रज शिपाई तटाशीं भिडले असतां मराठी घोडदळ पोर्तुगीजांच्या तुकडीवर आलें, तिची फळी फुटली, आणि तिच्या पळाबरोबर इंग्रजांचाही मोड झाला. तोफा व दारूगोळा तसाच टाकून त्यांस मागें फिरावें लागलें. कमोडोर मॅथ्यूज इतका संतापला कीं किनाऱ्यावर येऊन त्यानें पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडावर आपली छडी रोखली असें लिहिलेलें आढळतें. दोस्तांमध्यें अशी छडी निघाल्यावर दोस्ती किती दिवस टिकणार! पोर्तुगीजांनीं जानेवारी १७२२ मध्यें मराठ्यांशीं स्वतंत्र तह केला, आणि इंग्रज एकटे उरले. १७२४ मध्यें डच लोकांनीं सात जहाजांनिशीं विजयदुर्गावर हात चालवून पाहिला. तेही परतले.

अशा रीतीनें सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज व डच या चार दर्यावर्दी सत्तांनीं प्रयत्न केले आणि कान्होजीच्या हयातींत त्याचा एकही मोठा किल्ला त्यांस घेतां आला नाहीं. ता. ४ जुलै १७२९ रोजीं तो अलिबाग येथें वारला. त्याची समाधि त्या गांवांत आहे.

पुढची हकीकत सांगतांना मन खिन्न होतें, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. वडील मुलगा सेखोजी कर्ता होता, पण चारच वर्षांनीं मेला. मग संभाजी व मानाजी हे भाऊ आपसांत लढले. पेशव्यानें मध्यें पडून आरमाराची वाटणी केली. मानाजीकडे कुलाबा व संभाजीकडे दक्षिणेकडील किल्ले आले. घराच्या भिंतीची वाटणी करतां येते, आरमाराची वाटणी केली म्हणजे दोन अर्धीं आरमारें होत नाहींत. संभाजीमागून तुळाजी आला. तो शूर होता, पण त्यानें बापाचें १७१४ चें शहाणपण घेतलें नाहीं. पेशव्याशीं त्याचें उघड वैर झालें, आणि नानासाहेब पेशव्यानें त्यास मोडण्यासाठीं इंग्रजांनाच बोलाविलें. १७५५ मध्यें सुवर्णदुर्ग गेला, तोच सुवर्णदुर्ग ज्याच्या तटावर कान्होजीनें पहिलें नांव मिळविलें होतें. फेब्रुवारी १७५६ मध्यें ॲडमिरल वॉटसन व कर्नल क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले.

त्या दिवशीं सारें आरमार खाडींत तटाच्या आश्रयास एकमेकांस बांधून ठेविलेलें होतें. तुळाजीनें कंपनीपासून जिंकलेलें रेस्टोरेशन नांवाचें जहाजही त्यांत होतें. इंग्रजांचा एक जळता गोळा त्यावर पडला, तें पेटलें, आणि दोर-डांबर-शिडें यांच्या वाटेनें आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. सर्व गुराबा व गलबतें जळालीं. मिडवेच्या लढाईचें वर्णन वाचतांना आम्हांला नेहमीं या खाडीची आठवण होते. तेथेंही जपानी जहाजांच्या पोटांत पेट्रोल भरलेलीं, बाँब व टॉर्पेडो लावलेलीं विमानें दाटीनें उभीं होतीं. वरून पडलेल्या थोड्याच बाँबांनीं आंतलें सारें पेटलें. ज्याचें सर्व सामर्थ्य चढाई करण्यांत आहे असें आरमार जागेवर सांपडलें म्हणजे त्याचेंच सामान त्याचें सरण होतें.

विजयदुर्गाची राख समुद्रानें केव्हांच नेली. कान्होजीचें नांव मात्र आरमारांत परत आलें. मुंबईस ज्या जुन्या किल्ल्यांत कंपनीचे गव्हर्नर राहत व जेथून बूननें त्याच्यावर ताफे सोडले, त्या किल्ल्याच्या उरलेल्या भिंती भारतीय नौदलाच्या एका ठाण्याच्या आवारांत आहेत, आणि १९५१ सालापासून त्या ठाण्याचें नांव आंग्रे असें आहे. खांदेरी बेटासही १९९८ मध्यें त्याचें नांव देण्यांत आलें. नौदलाजवळ पुढें विमानवाहू जहाजही आलें. डिसेंबर १९७१ च्या युद्धांत विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनीं कॉक्स बाजार व चितगांव या बंदरांवर मारा केला. तें विक्रांत १९९७ मध्यें निवृत्त झालें व मुंबईसच मोडींत निघालें. त्याच नांवाचें नवें जहाज २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोची येथें नौदलांत दाखल झालें, आणि त्याच दिवशीं नौदलाच्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृति आली.

नाताळच्या सुटींत आम्ही वीस मुलांस घेऊन बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनें मुंबईस व तेथून लाँचनें मांडव्यास उतरून अलिबागेस गेलों. चित्र काढणारा मुलगा बरोबर होताच. समुद्र पाहतांच मुलें प्रथम अगदीं गप्प झालीं, आणि मग एकदम ओरडूं लागलीं. ओहोटी होती. चपला हातांत घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यांतून, आम्ही कुलाब्याच्या दरवाजापर्यंत चालत गेलों. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसविलेल्या दोन तोफा आहेत. कान्होजीच्याच या तोफा असें समजून मुलांनीं त्यांस हात लावून नमस्कार केला. जवळ जाऊन पाहतां त्यांवर विलायतेच्या कारखान्याचें नांव व १८४९ हें साल कोरलेलें निघालें. कान्होजीस जाऊन तेव्हां १२० वर्षें झालीं होतीं. मुलें जराशीं हिरमुसलीं. आमचा चित्रकार मात्र तोफेच्या गाड्याखालीं वाकून, ती कोणत्या बाजूस किती वळते, वर किती उचलतां येते, हें न्याहाळीत बसला होता. भरतीची वेळ झाली असें कोळ्यानें दोनदां सांगितलें, तेव्हां कोठें तो उठला. परत येतांना पाणी गुडघ्यापर्यंत चढलें होतें.